वॉल्टर सरांचा विद्यार्थी

चिंदरकर काका रोज सकाळी पावणेसातला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोजा मारतात.

मोजा म्हणजे पायातलाच. आत कापूस कोंबून, वरून सुतळीने आवळून त्याचा लिंबाएवढा गोळा केलेला. तो एका हिरव्या प्लास्टिकच्या पायपुसण्यावर ठेवायचा, दोन्ही पाय खांद्यांइतके फाकवून उभं राहायचं, हातातली गोल्फची काठी डोक्यामागे न्यायची आणि फिरवायची. मोजा दहा-बारा फुटांवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटतो. मग काका शांतपणे चालत जातात, मोजा उचलतात, परत येतात, ठेवतात. असं परवापरवापर्यंत साठ वेळा. रविवारी शंभर.

हे सगळं मला इतकं नेमकं माहीत आहे कारण त्या गच्चीच्या बरोबर खाली माझी बेडरूम आहे.

काका राहतात दुसऱ्या मजल्यावर. तुर्भ्याच्या एका फॅक्टरीत त्यांनी चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. निवृत्तीच्या सुमारास तिथले मोठे साहेब बदलून गेले. जाताना केबिन रिकामी करत होते, तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली सात नंबरची काठी उचलून त्यांनी काकांच्या हातात दिली. म्हणाले, "चिंदरकर, ठेवून घ्या." दुसऱ्या कुणी ती कुत्री हाकलायला दाराआड ठेवली असती. पण काकांचं म्हणणं वेगळं. "निलेशराव, स्टोअरमध्ये आलेली वस्तू पडून राहिली, तर तो वस्तूचा दोष नसतो. स्टोअरकीपरचा असतो."

म्हणून ते गोल्फ शिकायला लागले. मोबाइलवर. मैदानावर ते आजतागायत गेलेले नाहीत. खारघरच्या बाजूला एक आहे, ते त्यांनी एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं. आत का गेला नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चेंडू नंतर. आधी अंग."

हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं लाडकं वाक्य, "घाई खांद्यातून येते." गोल्फच्या फटक्यात म्हणे कंबर आधी वळते आणि खांदा मागून येतो. ज्याचा खांदा आधी उघडला, त्याचा फटका गेला. हे ज्ञान झाल्यापासून काकांना सगळीकडे उघडे खांदेच दिसायला लागले. दूधवाला पिशवी टाकायचा, तर काका त्याला थांबवून सांगायचे, "खांदा उघडतोय तुझा." नेरूळच्या मार्केटात भाजीवाली भेंडी तोलत होती, तिला म्हणाले, "मनगट सैल सोडा बाई." ती म्हणाली, "काका, भेंडी पायजे का नको?" गणपतीच्या आरतीत झांज वाजवणाऱ्या पोराच्या मागे उभे राहून त्यांनी त्याचं कोपर बगलेत दाबून धरलं, तेव्हा आरती मध्येच थांबली होती.

घरात काकू. मालवणकडच्या, ठसठशीत. त्या तव्यावर घावन उलटत असल्या की काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, "बघा, याला म्हणतात मनगट." काकू उलथनं त्यांच्याकडे रोखून म्हणायच्या, "खावचा आसा की बघूचा आसा?"

एकूण, हसायला उत्तम माणूस. आणि आम्ही हसलो. ते कसं, ते आता सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण अर्धं सांगण्यात अर्थ नाही.

आमच्याच मजल्यावर किरण जाधव राहतो. मूळचा कोरेगावकडचा, मार्केटयार्डात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. माझा दोस्त. एका रविवारी शंभर मोजे डोक्यावर आपटल्यावर मी वैतागून त्याच्याकडे चहाला गेलो होतो. त्याने मोबाइल पुढे केला. "हे बघ, काका काय लिवत्यात."

कुठल्याशा परदेशी माणसाच्या गोल्फच्या व्हिडिओखाली काकांनी इंग्रजीत प्रतिक्रिया लिहिली होती. स्टोअरमधून मालाची मागणी करावी तशी. 'रिस्पेक्टेड सर, युवर ड्रिल नंबर फोर वॉज डन फॉर टेन डेज. लेफ्ट शोल्डर इज स्टिल ओपनिंग. काइंडली अ‍ॅडव्हाइज.' खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि मेलचा पत्ता. असं त्यांनी वीस-बावीस व्हिडिओंखाली लिहिलं होतं. एकालाही उत्तर नव्हतं.

"देऊया का उत्तर?" जाधव म्हणाला.

त्या सकाळी वॉल्टर सरांचा जन्म झाला. राहणार स्कॉटलंड. चाळीस वर्षं गोल्फ शिकवण्याचा अनुभव. मेलचं खातं माझ्या मोबाइलवर उघडलं, कारण इंग्रजी माझं बरं. मी विमा कंपनीत आहे, पत्रं लिहायची सवय आहे. पहिलं पत्र मी लिहिलं, 'माझ्या प्रिय मित्रा, तुमचा प्रश्न वाचला. तुमच्यासारखा जिज्ञासू विद्यार्थी मी पाहिलेला नाही.'

अर्ध्या तासात उत्तर आलं. काकांनी लिहिलं होतं की त्यांना अत्यंत आनंद झाला आहे आणि ते सरांच्या पुढील सूचनांच्या प्रतीक्षेत आहेत.

मग काय, आम्हाला खेळणंच मिळालं. वॉल्टर सरांनी सांगितलं, इमारतीला तीन फेऱ्या आडव्या चालीने घाला, कंबर मोकळी होईल. काकांनी खेकड्यासारख्या तीन फेऱ्या घातल्या. वॉचमन उठून उभा राहिला. सरांनी सांगितलं, काठी मागे नेताना स्वतःचं नाव सावकाश म्हणा. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून माझ्या बेडरूममध्ये ऐकू यायला लागलं, "म... नो... हर!" आणि धप्प. माझी बायको सीमा उशी कानावर घेऊन म्हणाली, "यांना झालंय काय?" मी भिंतीकडे तोंड करून हसत होतो.

आणि प्रत्येक वेळी काकांचा अहवाल यायचा. तारीख, वेळ, किती वेळा केलं, काय जाणवलं. 'सर, आडव्या फेऱ्यांमुळे डाव्या कुशीत सुधारणा आहे.' मी गच्चीवर जाऊन कठड्याला टेकून त्यांना बघायचो. पुढच्या पत्रात काहीतरी खरं वाटेल असं लिहायला माहिती लागायची ना. काका खूश व्हायचे. एकदा काकांनी स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवला. मी लिहिलं, 'मित्रा, तुमचा व्हिडिओ पाहिला. तुमचा डावा खांदा आता बंद राहतो आहे. शाब्बास.' त्या दिवशी त्यांनी जिन्यात भेटेल त्याला पेढा दिला. मलाही. मी तो खाल्ला.

मग एक पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं, 'सर, काठी उचलण्यापूर्वी उजव्या हाताला किंचित कंप येतो. त्यावर काही ड्रिल आहे का?'

जाधव म्हणाला, "पान्याचा गिलास दे हातात. भरलेला. पाच मिनिटं हुबा ऱ्हा म्हनाव."

मी तसं टाइप केलं. जाधव सुचवत होता, पण बोटं माझी होती.

दुसऱ्या दिवशी काका गच्चीवर नाही गेले. तिथे पाणी सांडलं तर खाली गळतं, अशी कुणीतरी तक्रार केली होती. बहुधा मीच. ते खाली पार्किंगच्या मधोमध उभे राहिले, उजवा हात समोर ताठ, हातात काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास. ऑफिसला निघालेली माणसं, शाळेच्या बसला उभी पोरं, सगळी बघत होती. पाणी आधी थेंब थेंब सांडलं, मग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, मग सदऱ्यावर. काका समोर बघत होते, ग्लासकडे नाही. जाधवने व्हिडिओ काढला आणि आमच्या विंगच्या ग्रुपवर टाकला. काका त्या ग्रुपवर नव्हते. सतरा जणांनी हसरी तोंडं टाकली. अठरावं माझं.

त्याच दिवशी दुपारी वाशीच्या ऑफिसात डबा उघडला आणि मोबाइलवर पत्र आलं. मी ते चपातीचा घास हातात घेऊन वाचलं. काकांच्या त्या कागदी इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत सांगतो.

'आदरणीय सर, ग्लास ड्रिल केले. अर्ध्या मिनिटाच्या पुढे पाणी राहिले नाही. आपल्यापासून लपवत नाही. हा कंप चार महिन्यांपासून आहे. घरी कुणाला सांगितलेले नाही. सही करायची वेळ आली की चष्मा विसरलो म्हणतो. चहा पत्नीच्या आधी पिऊन घेतो, म्हणजे कपाचा आवाज तिला ऐकू येत नाही. तिच्या वडिलांना कंपवात होता. लग्नाआधी अकरा वर्षे तिने त्यांना भरवले, न्हाऊ घातले. तिच्या वाट्याला पुन्हा तेच यावे, हे मला बघवणार नाही. आपल्या ड्रिलने हात स्थिर झाला, तर सांगण्याची वेळच येणार नाही. यापेक्षा कठीण ड्रिल असेल, तरी कृपया द्यावे.'

घास तसाच डब्यात ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "भाजी बिघडली का?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी जाधवला पत्र दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, आणि ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकला. "आरं, आपल्याला काय म्हाईत..." एवढंच म्हणाला. तेव्हापासून काका जिन्यात दिसले की जाधव लिफ्टने जातो.

मी काय करायला हवं होतं, ते मला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. दोन जिने उतरून बेल वाजवायची आणि सांगायचं. मी उतरलोही. त्यांच्या दारापर्यंत गेलो, चपलांचे दोन जोड बघितले, परत आलो. घरी येऊन वॉल्टर सर झालो. लिहिलं, 'मित्रा, पुढचं ड्रिल एकच. मेंदूच्या डॉक्टरांना हात दाखवा. उद्याच. त्याशिवाय मी पुढचं शिकवणार नाही. एकटे जाऊ नका.'

उत्तर आलं, 'सर, कुणाला नेऊ?'

'शेजारी कुणी असेल, त्याला न्या,' असं लिहिलं. म्हटलं, चला, कुणीतरी नेईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला माझ्या दाराची बेल वाजली. काका उभे. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, उजवा हात पँटच्या खिशात. "निलेशराव, तुम्हाला आज सुट्टी घेता येईल का हो? डॉक्टरकडे जायचंय. घरी बँकेत जातो म्हणून सांगितलंय."

"मी... म्हणजे, मीच का काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"गच्चीवर येऊन तुम्ही बघत उभे राहता. बाकीचे हसतात, मला कळतं ते. तुम्ही कधी हसला नाहीत."

नेरूळच्याच एका हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी काकांना बोटं जुळवायला लावली, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर एक वाक्य तीन वेळा लिहायला लावलं. तिसऱ्या ओळीपर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं. त्या म्हणाल्या, कंपवाताची सुरुवात आहे, गोळ्या सुरू करू, लवकर आलात हे चांगलं.

"व्यायाम काय करता?"

"गोल्फ," काका म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "अरे वा! कुठे खेळता?"

"गच्चीवर."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, अंग वळवायचा व्यायाम या आजाराला चांगलाच, अजिबात सोडू नका. काकांचा चेहरा असा उजळला, की जणू आजार झाल्याचं नाही, परीक्षा पास झाल्याचं कळलंय.

खाली कँटीनमध्ये बसलो. मी दोन चहा आणले. काकांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर दोन्ही हातांनी कप धरला. मग कप ठेवून मोबाइल काढला. "आधी वॉल्टर सरांना कळवतो. त्यांच्यामुळे आलो. हजारो मैलांवरचा माणूस, ना ओळख ना देख. पण त्याच्या लक्षात आलं."

एकेक अक्षर शोधत ते लिहायला लागले. बोट भलत्याच अक्षरावर पडायचं, ते खोडायचे, पुन्हा लिहायचे. मी टेबलावरचा साखरेचा डाग नखाने खरवडत बसलो. लिहून झाल्यावर त्यांनी बटण दाबलं, आणि माझ्या खिशात 'टिंग' झालं.

"तुमचं काहीतरी आलं," काका म्हणाले. "बघा, ऑफिसचं असेल."

त्यांना शंकासुद्धा आली नव्हती. मी गप्प बसलो असतो, तर कधीच आली नसती. मी मोबाइल काढला, ते पत्र उघडलं आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

काकांनी चष्मा सारखा केला. स्वतःचंच पत्र वाचलं. मग बोटाने वर वर सरकवत मागची पत्रं बघितली. आडव्या फेऱ्या. नाव म्हणायचं ड्रिल. ग्लास. आजूबाजूला लोक चहा पीत होते, मागे कुणाचा तरी नंबर पुकारत होते. मला वाटलं, आता ओरडतील. मी तयार होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते एका पत्रावर थांबले. "डावा खांदा आता बंद राहतो आहे, असं इथे लिहिलंय. हे कुणी बघून लिहिलं?"

"मीच."

"तुम्हाला गोल्फ कळतं?"

"नाही."

"म्हणजे राहत नाही."

"मला माहीत नाही काका. मी... उगाच लिहिलं होतं."

त्यांनी मोबाइल अगदी हळू माझ्याकडे सरकवला. "बाकीचं असू दे हो. तेवढं एक मला खरं वाटलं होतं." मग उठले. "रिक्षा बघा."

रिक्षात मी माफी मागितली. ते बाहेर बघत होते. पुलाखालून जाताना म्हणाले, "गोळी जेवणाआधी की नंतर म्हणाल्या त्या?" मी म्हटलं, नंतर.

त्यानंतर गच्ची गप्प झाली. मला सकाळी निवांत झोप मिळायला लागली, आणि मी पावणेसातला टक्क जागा व्हायला लागलो. छताकडे बघत पडायचो. सीमाला सगळं सांगितलं. ती चहा टाकायला गेली, आणि त्या दिवशी एकच कप टाकला.

तीन आठवड्यांनी, रविवारी, काकू दारात. "दोघांनी जेवूक येवा. कोंबडी-वडे केलेत." नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. हो म्हणायचीही नव्हती. सीमा म्हणाली, "येतो आम्ही."

पानं वाढलेली होती. काका समोर बसले होते, नेहमीसारखे. "या निलेशराव." काकूंनी माझ्या पानात वड्यांवर वडे घातले. मग कमरेवर हात ठेवून बोलायला लागल्या. यांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही सुट्टी काढून यांच्याबरोबर गेलात. पोटचा मुलगा असता, तर त्यानेही इतकं केलं नसतं.

"आणि तो गोरा," काकू म्हणाल्या, "तो कोच. त्याचा भला होवं दे. पण माका राग एकाच गोष्टीचो इलो." त्या नवऱ्याकडे वळल्या. "चव्वेचाळीस वर्सां संसार केलंय. माका सांगूक तुमका गोऱ्या माणसाची परवानगी लागली?"

काका खाली मान घालून वडा मोडत होते. डाव्या हाताने. मी त्यांच्याकडे बघितलं. आता सांगतील. तो गोरा हा समोर बसलाय, म्हणतील. ते म्हणाले, "निलेशरावांना रस्सा वाढ."

डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, "तिखट झाला काय?" मी मान हलवली.

जेवणानंतर काका मला गॅलरीत घेऊन गेले. समोर सारसोळ्याच्या बाजूला खाडीवरचं आकाश पांढरट झालं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

"का काका? सांगा ना. मला निदान शिव्या तरी खाऊ द्या काकूंच्या."

"तुमच्या सोयीसाठी सांगू?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. मग पुन्हा उतरला. "हे बघा, मला मूल नाही. पुढे हा आजार वाढणार, मी सासऱ्यांना बघितलंय. कधीतरी मी पडेन, मला उचलायला तिचं बळ पुरणार नाही. त्या वेळी ती धावत वर येऊन कुणाचं दार वाजवणार? तुमचंच. ते दार मी तिच्यासाठी आजच बंद करून ठेवू?"

मी कठड्याचं लोखंड धरून उभा राहिलो.

"आणि दुसरं असं," काका म्हणाले, "तिला वॉल्टर सर फार आवडतात."

हे सांगताना ते किंचित हसले. मला ते हसू सहन झालं नाही.

"मी काय करू काका?"

त्यांनी विचार केला. "मला खांद्याचं कळायला हवं. मला माझा खांदा दिसत नाही. मोबाइलवर काढलेलं हाताबरोबर हलतं. कुणीतरी बघून सांगायला हवं. पण बघून. आणि जे असेल तेच."

तेव्हापासून मी गोल्फ शिकतोय. ऑफिसात डबा खाताना कानात इअरफोन घालून व्हिडिओ बघतो. कंबर कधी वळते, वजन कुठल्या पायावर जातं, खांदा किती अंशात राहायला हवा. वही केली आहे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटतं, मला प्रमोशन हवंय.

वॉल्टर सरांचं खातं बंद केलं. काकूंना काकांनी सांगितलं, सर आता निवृत्त झाले. काकूंना वाईट वाटलं.

काका पुन्हा पावणेसातला वर येतात. साठ जमत नाहीत, पंचवीस मारतात. मी समोर उभा राहतो. गेल्या रविवारी पंचविसावा मारून झाल्यावर ते घाम पुसत माझ्याकडे वळले. "सांगा."

मी बघितलं होतं. नीट बघितलं होतं. खोटं तयारच होतं जिभेवर, आणि किती गोड होतं.

"लवकर उघडतोय काका," मी म्हणालो. "मागच्या महिन्यापेक्षा लवकर."

ते माझ्याकडे बघत राहिले. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"बघून सांगितलंत?"

"बघून."

"मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि पुन्हा पाय फाकवून उभे राहिले.